आळीपाळीने

मारोवाइन नदी समुद्राला मिळते तिथे
पाणी ना गोडं ना खारं, रंगाने कोऱ्या चहासारखं.
रात्री अडीचला भरती टोकाला आली
आणि काळोखाचाच एक तुकडा सुटून
वाळूवर चढू लागला.

"ऐतकांती," लुडविना पुटपुटली.
म्हणजे आठ कडांची.
मी पाठीवरच्या कडा मोजल्या, सात भरल्या.
"मोजू नकोस. नाव आहे ते,"
आणि तिने टॉर्चला लाल कागद गुंडाळला.

कवच नाही. ओल्या रबरासारखी कातडी,
तिच्यावर पांढरे शिंतोडे, चुना लावताना उडावेत तसे.
हात लावला तर कोमट.
कॅनडाकडच्या गारठ्यात जेलीफिश खाऊन
ही ऊब तिने इथवर वाहून आणलेली.
धाप टाकायला तोंड उघडलं, तेव्हा दिसले
घशात खोलवर काटेच काटे, आत वळलेले.
गेलेलं परत येत नाही,
मग ती जेलीफिश असो की अल्बिनाच्या दुकानातली पिशवी.

मागचा डावा पाय पळीसारखा वाकवून
तिने ओंजळभर वाळू काढली,
बाजूला ठेवली. हलकेच, पीठ सांडू नये तशी.
मग उजव्याची पाळी.

उजवा नव्हता.
शार्क, जाळं, कोण जाणे; नुसता खुंट.
पण खुंटाने पाळी चुकवली नाही.
हवेत वाकला, हवेत उचलला,
काहीच नसलेलं बाजूला ठेवलं.
परत डावा.
परत खुंट.
खड्डा एका अंगाने ढासळत राहिला.

लुडविना पालथी पडली, बाही खांद्यापर्यंत सारून.
डावा पाय वाळू काढी,
खुंट हले, तेव्हा तिचा हात आत जाई.
एक तिची. एक हिची.

हाच हात लहानपणी, बापासोबत,
याच किनाऱ्यावर अंडी उपसायचा.
बादल्याच्या बादल्या. त्यावर तिची शाळा झाली.
मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाली,
"शाळेत गेले म्हणून तर मोजता येतात."

ब्याऐंशी. आणि शेवटी गोट्यांएवढी, बलक नसलेली,
ती कशाला घालते, ते कोणी नीट सांगत नाही.

डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं.
रडणं नव्हे, मीठ टाकणं; हे मी वाचून गेले होते.
लुडविनाला मोडक्या डचमध्ये सांगितलं,
आमच्याकडे म्हणतात, कासवी पिलांना पाजत नाही,
नुसत्या नजरेने वाढवते.
ती इतकी हसली की खड्ड्याची कड घसरली.
"ही? ही वळूनसुद्धा बघणार नाही."

खरंच. तिने खड्डा बुजवला,
भोवतालची वाळू उधळून खूण मोडली,
खुंटानेही आपल्या वाटची मोडली,
आणि गेली.

मी थर्मास पुढे केला.
लुडविना त्या सपाट वाळूसमोर बसली होती.
कप तिने चाचपडत घेतला,
नजर न हलवता.