बिस्किटाची खाण

अठ्ठावीस बिस्किटं, पत्र्याच्या डब्यात,
कापेम्ब्वा बाईंनी रात्री स्वतः भाजलेली.
कुठल्यात शेंगदाणे किती, त्यांनाही ठाऊक नाही.
सातवीचा वर्ग. खिडक्या बंद,
कारण वारा आज तांब्याच्या भट्टीकडून येतोय
आणि गंधक घशात उतरतं.

प्रत्येकाला चौकटीचा एक कागद.
बिस्कीट ठेवा, भोवती पेन्सिल फिरवा:
ही तुमची जमीन.
दात कोरायच्या काडीचं भाडं दहा क्वाचा,
मोडली तर नवी घ्या.
मिनिटाला पाच, आणि पाचच मिनिटं.
अख्खा दाणा वीस, अर्धा आठ, चुऱ्याला काही नाही.
आणि हो (खडू बोटांत फिरवत)
रेघेबाहेर सांडलेल्या प्रत्येक कणाला दोन क्वाचा दंड.

"मग खायचं कधी?" लोम्बेनं विचारलं.

माझ्या भाषेत खाण आणि खाणं
यांत एका टिंबाचं अंतर.
मी मागच्या बाकावरचा पाहुणा,
ते टिंब इथे कुणाला दाखवणार?
मलाही एक कागद मिळाला होता, एक बिस्कीट.

शिट्टी.

मुम्बीनं बिस्कीट पालथं केलं, पोट तपासलं,
आणि वरचा सगळा थर उडवून दिला.
लोम्बेनं शेजाऱ्याला घेऊन कंपनी काढली,
तिसऱ्याला कामाला लावलं, दोन दाणे मजुरी.
कुणाच्या तरी खिशातून सायकलचा आरा निघाला.
बाईंनी तो जप्त केला,
क्षणभर विचार केला,
आणि त्यालाच परत भाड्यानं दिला. तीस क्वाचा.

चोम्बा बाजूनं शिरला.
गाल जवळजवळ बाकाला टेकलेला,
काडी आडवी, श्वास रोखलेला,
भुगा ओढून ओढून रेघेच्या आत ढीग लावत.
त्याच्या बापाच्या शाफ्टचं चाक
त्या बंद खिडकीतूनही दिसतं,
पण त्यानं एकदाही तिकडे पाहिलं नाही.

शिट्टी.

फळ्यावर हिशेब.
मुम्बीचे सात दाणे, एकशे चाळीस.
काडी आणि वेळ, पस्तीस.
सांडलेले कण सत्तावन्न.
नऊ क्वाचांचा तोटा! ती स्वतःच खो खो हसली.
कंपनी पहिली आली,
मजुराचे दोन दाणे मात्र अजून मिळालेले नाहीत.
चोम्बाचा दाणा एक. कण शून्य.
पंधरानं तोट्यात, वर्गात शेवटचा.

"अरे, हे तीन तर दिसतायत," बाई वाकून म्हणाल्या,
"काढले का नाहीस?"

"त्यांच्यावर छप्पर आहे."

मग आम्ही सगळेच वाकलो.
बिस्किटाच्या पोटात अंधार होता,
आणि अंधारात तीन खांब,
प्रत्येकात एक दाणा, तांबूस, सालासकट.

बाईंच्या तक्त्यात
जे पडलं नाही त्याचा रकाना नव्हता.
त्यांनी खडू ठेवला, हात पुसले,
टेबलावरून हजेरीची वही उचलली,
अठ्ठावीस नावांची, जाड पुठ्ठ्याची,
आणि हलकेच त्या बिस्किटावर टेकवली.
बोटं काढली.

कुणीतरी खोकलं.
वही होती तिथेच राहिली.

मग घंटा झाली आणि एकच झुंबड:
ज्यानं त्यानं आपली जमीन चाटूनपुसून खाल्ली,
दंडासकट.
चोम्बानं वही बाजूला सारली,
कागदाची चारी टोकं वर उचलली
आणि पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी न्यावी
तसा दाराकडे निघाला.
"बाबा सहाला वर येतात," तो म्हणाला. "त्यांना दाखवेन."

मी माझा कागद घडी करायला घेतला.
पेन्सिलीचा गोल होता,
आत काहीच नव्हतं.
कधी संपवलं,
माझं मलाच कळलं नाही.