पेरूपुरता

जांभळी नाक्याच्या आत, दोऱ्या-सुतळ्यांच्या गल्लीत
मुर्तुझाभाईंच्या काचेखाली
तो तीन शनिवार पडून आहे.
शिसवी मूठ, तीन पितळी रिव्हेट,
माझ्या मधल्या बोटाएवढं पातं
आणि पात्यावर नखापुरती खाच.
साडेअकराशे.
तेवढ्यात हॉलचा पंखा दुरुस्त होऊन
वर आठवड्याची भाजी येते.

पहिल्या शनिवारी मी नुसतं विचारलं.
त्यांनी हातात दिला नाही, काचेवर ठेवला.
हातोहात दिलं की भांडण होतं,
हे त्यांच्याकडेही मानतात वाटतं.
मी उचलला. शिलाई मशीनच्या तेलाचा वास.
खाचेत नख घातलं तर पातं आधी नाही म्हणालं,
मग सावकाश आलं.
मूठ एका हातात, पातं दुसऱ्या.

"सेफ्टीसाठी ना, मॅडम?
मग हा बघा, खटक्याचा. एका हातानं उघडतो."

सगळे हेच म्हणतात.
पॅकिंगच्या टेबलावर निर्गुणा भोईर म्हणाली, घेच,
तुमच्या खारेगावात रात्री दिव्यांचा काही भरवसा नाही.
शलाका म्हणाली, आई, स्प्रेच घे त्यापेक्षा.
आणि हे, पेपरातून मान वर न काढता:
घरात विळी आहे, दोन सुऱ्या आहेत,
मॉलच्या दारात पर्स उघडायला लावतात,
तेव्हा काय सांगशील?

काय सांगीन?
सांगीन, पेरू.
वागळे इस्टेट, दीडची सुट्टी,
सव्वीस वर्षं मी गॅस्केटची खोकी फोडते
ज्या कटरनं, तो साखळीनं टेबलाला बांधलेला आहे.
आणि पेरू दातांनी.
गेल्या दिवाळीत उजवीकडची दाढ काढली
तेव्हापासून पेरू डाव्या बाजूनं खाते,
अर्धा खाते, अर्धा निर्गुणाला देते,
तो तिला उष्टा द्यावा लागतो.
एवढंच आहे हो.

एवढंच नाही.
त्या खटक्यावर माझा अंगठा
जरा जास्त वेळ थांबला होता.
अकरा वर्षांपूर्वीचा कॅडबरी जंक्शनचा बसस्टॉप,
माझ्या हातात छत्री होती, मोडकी,
आणि त्या माणसाच्या तोंडाला बडीशेपेचा वास.
तो आता म्हातारा झाला असेल.
अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं
की ते संपलं म्हणून.

मी खटक्याचा परत केला.
ज्याला उघडायला दोन हात लागतात
त्याच्यासाठी आधी पिशवी खाली ठेवावी लागते,
आणि पिशवी ठेवेपर्यंत
रागाची बस निघून जाते.
मुर्तुझाभाईंना हे सांगितलं नाही.
म्हटलं, बघते.

दुसऱ्या शनिवारी बघितलं.
तिसऱ्या शनिवारी दुकानापर्यंत गेलेच नाही,
गावदेवीच्या कोपऱ्यावर पेरूवाल्याकडे थांबले.
त्याची सुरी झिजून झिजून
सळईसारखी झालेली.
पूर्वी केवढी होती, विचारलं,
तर त्यानं दोन बोटं जोडून दाखवली,
मग तिसरंही जोडलं,
आणि मीठ-तिखट भरत म्हणाला,
सासऱ्यांची आहे.

घरी येऊन हिशोब मांडला.
रिटायर व्हायला सात वर्षं,
हंगामाला शंभर पेरू धरले तर सातशे,
म्हणजे पेरूमागे एक रुपया चौसष्ट पैसे.
महाग नाही. पण सातशे पेरवांनी
पातं कितीसं झिजणार?
उरलेलं रुंद पातं घेऊन
साठीनंतर मी कुठे जाऊ?
शलाकाला देईन म्हटलं, तर ती
खाली ठेव म्हणेल, मग उचलेल.
उचलेल ना?

आज चौथा शनिवार.
काचेखाली तो आज मिटलेला नाही.
अर्धवट उघडा ठेवलाय,
काचेवर कुणाच्या तरी बोटांचे ठसे, मोठ्या बोटांचे.
मुर्तुझाभाई फोनवर आहेत.
मी पिशवी खाली ठेवते.