कोण किती ताणलं गेलं

मुरोसला आमच्या घरी पाव सुरीनं कापत नसत.
आई दोन्ही हातांनी ओढायची.
वरची पापडी कडकन तडकायची, आतला गर मात्र
लांबत राहायचा, लांबत राहायचा,
आणि सुटला की एका हातात लोंबती जीभ,
दुसऱ्यात नुसता कडा.
निम्मंनिम्म कधी झालं नाही.

आता मी जहाजावर दगड वाचते.
पहाटे साडेतीनला नळीतून गाभा वर येतो,
उभा चिरायचा, ओला करायचा, भिंगाखाली धरायचा.
आजचा हिरवा, सापाच्या अंगासारखा.
हा कवचातला नव्हे, त्याच्याही खालचा, प्रावरणाचा.
आमच्या बाजूचं कवच ताणून ताणून इतकं विरलं
की ठिगळ लावायलाही सूत उरलं नाही.
मग तळचा उघड्यावर आला,
खारं पाणी प्याला, हिरवा झाला.

समोर न्यूफाउंडलंड.
तिथलं कवच जाड राहिलं आणि थोडक्या कोसांत संपलं.
भेग एकच होती, पण तिरकी.
तिरक्या भेगेला वरचा असतो आणि खालचा;
खालचा निसटत राहतो,
वरचा बसल्या जागी मोकळा.
निदान डर्मट कीओ असं म्हणतो. तो तिकडचा आहे.
उद्या दुसरा कुणी उलटं म्हणेल.

वडील कॉडच्या मागं तिकडच्याच उथळावर जायचे,
वर्षातले सहा महिने.
एका शरदात बोट आली, एलादिओ आउतेइराल आले नाहीत.
कार्ड आलं. इथंच राहतो.

आईला तुटायला एकोणीस वर्षं लागली.
आधी त्यांची ताटली मांडायची,
मग ताटली, पण चमचा नाही,
मग चमचा माझ्या भावाच्या खेळण्यांत सापडला
आणि तिनं तो तिथंच राहू दिला.
त्या विरलेपणातून एक बाई वर आली
जी आम्ही कुणी पाहिली नव्हती:
शिंपल्यांचा तराफा स्वतः हाकणारी,
बंदराच्या कारकुनाला अस्सल शिव्या हासडणारी,
एकटीच मोठ्यानं हसणारी.

तिकडं वडिलांच्या आत काय होतं, कळलं नाही.
डर्मट सांगतो, त्याच्या लहानपणी धक्क्यावर
एक गालिसियन म्हातारा जाळी शिवत बसायचा,
चकार शब्द बोलायचा नाही.
नाव मी विचारलं नाही.

नोंदवहीत लिहिते: हिरवा, शिरा पांढऱ्या,
बोट फिरवलं तर साबणासारखा.
वर कुठलं, खाली कुठलं, ते माहीत असतं.
उत्तर कुठं होतं ते मात्र
नळीत फिरता फिरता हरवतं.
तो रकाना रिकामा.