तुटक्यांचा वाटा

पोळा सरला की चार-सहा दिवस,
फक्त चार-सहा दिवस,
आरमोरी रोडवर पुलाच्या अलीकडे
आम्ही दोघी जावा बसतो.
पुढ्यात पळसाची पानं, पानांवर सात्या.

कळीच्या वेगळ्या, फुललेल्या वेगळ्या.
कळी मिटलेली, टोकाला करडी,
देठ लांब, वारुळाच्या पोटातून आलेला.
माती झाडायची नाही.
माती दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, ताजी आहे.

सायत्रा, माझी मोठी जाऊ, पहाटे तीनला निघते.
बॅटरी नेत नाही. उजेड दिसला तर कोणी मागं येईल.
सात वर्षं झाली मला या घरात,
वारूळ कुठं आहे ते तिनं सांगितलेलं नाही.
नवऱ्यालाही नाही.
विचारलं तर म्हणते,
"सात्या आयकते. नाव घेतलं का जागा बदलवते."
खरं असेल. किंवा तिला माहीत असेल
की माहेरी गेले की मी फार बोलते.

मी देवळीकडची. तिकडं पऱ्हाटी अन् तूर.
असलं काही उगवलं तर कुत्र्याची छत्री म्हणायचे,
लाथेनं उडवून पुढं जायचे.
पहिल्या वर्षी ताटात आली तेव्हा
मी ती भाताखाली दडवली.
सायत्रानं पाहिलं. बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढली,
भात मात्र कमी वाढला.

काल एक पांढरी गाडी थांबली.
काच अर्धी खाली. चष्मेवाला माणूस.
"हे काय?"
"सात्या."
"मश्रूम?"
"सात्या."
"कशा दिल्या?"
"कळीच्या हजार रुपये किलो."
"बाप रे. लागतात कशासारख्या?"

सायत्रा थांबली.
भावावर तिचं तोंड लाहीसारखं फुटतं,
पण हे तिला कोणी विचारलं नव्हतं.
"वास्त्यासारखी नाई," ती म्हणाली.
मग, "लोकं म्हणतेत मटनासारखी. तशी बी नाई."
मग उलट त्यालाच,
"लाल मुंग्याची चटणी खाल्ली का तुमी?"
"नाही."
"कुड्याच्या फुलाची भाजी?"
"नाही."
"टेंभरं तरी?"
तो बायकोकडं बघून हसला.
"मंग कशानं सांगू जी तुमाले?"

राग नव्हता त्यात. खरीच अडचण होती,
धान मोजायला बसावं
अन् पायलीच घरी राहावी, तशी.

"मिळतात कुठं या?"
तिनं लगेच हात केला, पूर्वेकडं, नदीपार.
सात वर्षांत मला पहिल्यांदा एवढं कळलं
की पूर्वेकडं नाही.

पाव किलो घेऊन गेला. सगळ्या कळीच्या.

रात्री चुलीपुढं आम्ही घरचा वाटा निवडत होतो.
छत्री फाटलेल्या, कीड लागलेल्या,
देठ अर्धाच निघालेल्या.
जवसाचं तेल तापत होतं, लसूण ठेचून झाला होता.
मी म्हटलं,
"त्याले सांगाचं ना, कळीची कशी लागते."
ती देठाची माती खरवडत राहिली.
"मी कुठं खाल्ली कळीची?"

बावीस वर्षं ती त्या रस्त्यावर बसते.

कोपऱ्यात ओल्या फडक्यात सकाळसाठी
उरलेल्या गुंडाळून ठेवल्या होत्या.
तिनं फडकं सोडलं.
सगळ्यात मोठी उचलली, दिव्याजवळ फिरवली,
देठाला अंगठा लावला.
बारीक आवाज झाला.
"तुटली वो," ती म्हणाली
आणि तुटक्यांत टाकली.
मग दुसरी घेतली.
"हे बी तुटली."

जेवताना कोणी बोललं नाही.
भासऱ्यांनी ताटावरून मान वर केली,
"आज का टाकलं वो भाजीत?"
"काईच नाई," सायत्रा म्हणाली,
अन् माझ्या ताटात भात कमीच वाढला.