ओ

कंपनीचं पत्रक आलं तेव्हा मार्च होता,
केमीच्या खाडीवरचा बर्फ अजून ट्रॅक्टर पेलत होता.
अमुक तारखेपासून सेवा बंद. खाली आभार.
आभारांत शुद्धलेखनाची चूक.

खेळ तसा काही मोठा नव्हता.
आठ स्लेज, ओढणारी कुत्री, न उजाडणारी रात्र,
आणि निघायच्या रेषेपाशी एक लाकडी शेड,
आठ जण जमेपर्यंत थांबायला.
एक बटण दाबलं की कुत्रं जांभई द्यायचं.
त्याचा शर्यतीत उपयोग शून्य.
आम्ही बरेच जण शेडसाठीच यायचो.

पत्रकानंतरही खोकं चालत होतं,
तबकडी फिरायची, संगीत वाजायचं,
फक्त हाक मारली की पलीकडून
ओ येत नव्हती.

इल्पो हान्नुनेन कागदगिरणीत बत्तीस वर्षं होता.
बेअरिंग कुठलं जाणार
ते तो डबा खाता खाता सांगायचा, नुसत्या आवाजावरून.
गिरणी गेली. कान राहिले.
माझ्या वाचनालयाच्या तळघरात, जुन्या नकाशांच्या कपाटामागे,
त्यानं एक टाकाऊ संगणक मांडला
आणि म्हणाला, मेर्वी, हीटर बंद कर, मला ऐकू येत नाही.
ऐकण्यासारखं तिथे काहीही नव्हतं.
मी हीटर बंद केला.

क्लाइपेडाच्या रिमविदासकडे चाळीस मिनिटं होती.
कॉलेजच्या प्रकल्पासाठी कधीतरी एका रात्री
त्यानं तारेतून जाणारं सगळं टिपून ठेवलेलं,
प्रकल्पात नापास झाला, टिपण तसंच राहिलं.
तेवढ्या सुतावरून स्वर्ग गाठायचा होता.
कोण आधी बोलतं, कोण किती थांबतं,
"मी आलो" म्हणायला किती आकडे लागतात,
"मी गेलो" म्हणायला किती कमी.
चौथ्या जागी नेहमी सतरा.
का, ते ज्यानं लिहिलं त्यालाही आठवत नसेल.
आम्हीही सतराच पाठवतो,
थोरल्यांच्या सवयीला कारण विचारत नाहीत, तसं.

दोन हिवाळे गेले.
इल्पोला वाटायचं, वकिलाची नोटीस येणार;
टपालपेटी उघडायची तर तो मला पुढे करायचा.
नोटीस आली नाही.
खरं सांगते, ते मला जरा लागलंच.

मग त्या जुन्या पत्त्याची मुदत संपली,
कंपनी भाडं भरायला विसरली,
आणि मोन्तेविदेओत ग्रासिएलानं
दोन माणसांच्या जेवणाच्या पैशांत तो विकत घेतला.
कुणालाही कळवलं नव्हतं.
आम्ही चौघं, एवढेच.
रात्री अकराला इल्पोनं दार उघडलं.

पहिल्याच मिनिटाला कुणीतरी हाक मारली.
आमच्यापैकी कुणीच नव्हतं ते.
कुठलंसं खोकं, कुठल्याशा टेबलाखाली,
कुणीतरी बंद करायचं विसरलेलं,
दर दहा मिनिटांनी विचारत होतं: आहे का कुणी?
किती वर्षं, हिशेब रिमविदासनं केला
आणि सांगायचं टाळलं.

आम्ही ओ दिली.
शेडमध्ये एक हिरवी स्लेज उमटली.
हलली नाही.
तिच्यावर नाव होतं, निम्मी अक्षरं चौकोनांत बदललेली.
ग्रासिएला म्हणाली, माणूस नाहीये तिथे.
इल्पो म्हणाला, असू दे.
चौघं तिच्या शेजारी उभे राहिलो,
शर्यत सुरू करायचं बटण कुणी दाबलं नाही.

पहाटे चारच्या सुमाराला
हिरव्या स्लेजच्या कुत्र्यानं जांभई दिली.
एकदाच.
टेबल पुसताना कुणाचा हात लागला असेल,
रिमविदास म्हणाला.
असेल.

मग आमच्याही कुत्र्यांनी दिल्या,
एकापाठोपाठ एक, आणि शेवटी इल्पोनं स्वतः,
खरीखुरी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
नऊला वाचनालय उघडायचं होतं.
मी हीटर लावला.