वारा नव्हता

जानेवारीचा पहिला सोमवार. को-ऑपची नवी मुलगी येणार
म्हणून मी तळघरातल्या लॅबचं टेबल आवरलं,
म्हणजे सगळे स्क्रू एका डब्यात लोटले
आणि कॉफीचे उष्टे कप इडोवूच्या टेबलावर सरकवले.

मॅरिस क्लूएट. दुसरं वर्ष, चार महिन्यांचं काम.
गाव पेटी हार्बर, सेंट जॉन्सपासून वीस मिनिटं.
बुटांचा बर्फ तिनं दाराबाहेरच झटकला.
आम्ही कुणी झटकत नाही.

मी पाठ केलेलं सुरू केलं:
ही किल्ली. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय,
तसा चिकटवू नये, पण चिकटवलाय.
या बॅटऱ्या. एखादी फुगलेली दिसली
तर चिमट्यानं उचल, वाळूच्या बादलीत टाक, मग ओरड.
नाही, आधी ओरड.
हे पंखे, दोन उजवे, दोन डावे, चपलांसारखे;
अदलाबदल झाली तर ड्रोन उडत नाही,
जागच्या जागी लोळण घेतो.
हा जाळीचा पिंजरा. आत ड्रोन, बाहेर आपण.
परीक्षेच्या दिवसांत उलटं वाटतं.

ती ऐकत होती. हसली नाही.

मग मी निळ्या पुठ्ठ्याची वही काढली,
आमचं काय काय, कुठे, कशानं पडलं त्याची.
नव्या माणसाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही, म्हणालो,
आधी हे वाच.
मला वाटलं, चाळेल.

ती अडीच तास वाचत बसली.
पार्किंगच्या खांबावर आपटलेला,
सीगलनं हाकलून लावलेला,
तळ्यात बुडालेला आणि मार्चमध्ये
कुणा म्हाताऱ्याच्या गळाला लागलेला.
'कारण'च्या रकान्यात पानोपानी एकच शब्द: वारा.
या शहरात ते खपून जातं.
इथे छत्री उघडणारा माणूस पाहुणा असतो.

"पफिन-तीन," ती म्हणाली. "सात ऑक्टोबर.
त्या दिवशी वारा नव्हता."

इथे वारा नाही असं कधी असतं का, मी म्हणालो.

"बाबा होडी रंगवत होते. माझा वाढदिवस होता.
केक धक्क्यावरच कापला, मेणबत्त्या एकोणीस.
एकही आपणहून विझली नाही.
मला फुंकाव्या लागल्या."

इडोवूनं मान वर केली नाही.
त्याच्या सोल्डरचा धूर सरळ वर जात राहिला.

त्या सकाळी त्यानंच विचारलं होतं,
चारही नट कसलेस ना?
आणि मी फोनमध्ये बघत हो म्हणालो होतो.
तीन कसले होते.
चौथा अजून त्या मैदानात असेल,
आता तर दोन फूट बर्फाखाली.
सहा महिन्यांचं काम, नऊ सेकंदांचं उड्डाण.
तुकडे गोळा करायला वाकलो
आणि पहिला मीच म्हणालो, वारा.
सगळ्यांनी माना डोलावल्या. इडोवूनंसुद्धा.
उडवता येईना, आभाळ वाकडं.

सुरक्षेच्या फॉर्मची तेरा पानं तशीच पडली होती.
मी तिच्याकडे पेन मागितलं, तिनं पेन्सिल दिली,
सुताराच्या खिशात असते तसली, चपटी.
'वारा' मी खोडला नाही.
शेजारी लिहिलं: मागचा डावा नट, कसला नव्हता.
खाली नाव.
नाव लिहायला उगाच वेळ लागला.

इडोवू उठून आला. वाचलं. पुन्हा वाचलं.
म्हणाला, "आता तुझे ते कप उचल माझ्या टेबलावरून."

दुपारी पफिन-चारचे पंखे तिनं बसवले,
मोठ्यानं मोजत, एक, दोन, तीन.
चौथ्यापाशी पाना धरून थांबली
आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी फोन खिशात ठेवला. जवळ गेलो.