रकाना चौथा

येरवड्याच्या दवाखान्यात, इंजेक्शनच्या खोलीत
माझ्या टेबलावर एक रजिस्टर असतं.
रकाना पहिला नाव, दुसरा वय, तिसरा जखम कुठे,
चौथा: कुत्र्याची जात.

अकरा वर्षं भरते आहे मी तो.
आधी नळाखाली धरायला लावते हात नाहीतर पाय,
साबण लावून, पंधरा मिनिटं, घड्याळ बघून.
मग विचारते.

कल्याणीनगरच्या बाई म्हणतात, चावला नाही हो,
आमचा लॅब आहे, नुसता दात लागला.
मनगटावर चार भोकं, शिवणयंत्राखालून गेल्यासारखी.
विश्रांतवाडीचे निवृत्त मास्तर
पॉमेरेनियनचं नावच काढत नाहीत,
पत्र्यानं कापलं म्हणतात
आणि इंजेक्शन मात्र कुत्र्याचंच मागतात.

रॉटवायलरचं नख जरी लागलं
तरी सोबत चार माणसं, मोबाइलमध्ये व्हिडिओ,
सोसायटीचं लेटरहेड,
आणि एकजण तरी सांगतोच,
"त्यांच्या रक्तातच असतं, सिस्टर."
मी सुई भरत असते.
हात हलत नाही माझा. सवय आहे त्याला.

मागल्या मार्चात मारोती आला, किनवटचा,
लोहगावच्या एका बंगल्यावर कामाला.
पोटरीला दस्ती बांधलेली, तिचा मूळ रंग कळत नव्हता.
जात?
रॉट. मेजर नाव आहे त्याचं.
मग आपणच म्हणाला, तसं लिहू नका.
मालक दुबईला. गच्चीवर टाकी, टाकीला दोन हात साखळी.
सावली सरकते, साखळी सरकत नाही.
"दोन दिवसांचा बांधलेला, सिस्टर,
आन् मी ताट पायानं ढकललं.
पायानं. मला कुणी तसं दिलं असतं तर..."
पुढे बोलला नाही.

अकरा टाके पडले.
हेही खरंच.
पॉमेरेनियनला अकरा टाक्यांचं तोंडच नसतं.
जबडा ही काही अफवा नव्हे.

नियमाप्रमाणे सांगितलं,
दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेव.
सांगताना जीभ अडखळली.

लक्ष ठेवणं म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना ठाऊक.
आज्याला रोज फौजदाराकडे हजेरी.
कायदा गेला, तरी करमाळ्याच्या बाजूला कोंबडी हरवली
की जीप आधी आमच्या पालावर.
रक्तातच असतं, असं तेही म्हणायचे.
बाप लिंबाखाली बसून विचारायचा,
साहेब, काय चोरलं ते तरी सांगा.
नर्सिंगच्या हॉस्टेलात माझं कळलं तेव्हा
शेजारच्या खाटेवरच्या पोरीनं
पेटीला दुसरं कुलूप लावलं.
पितळी होतं.

माणसाला कुत्र्याशेजारी बसवू नये, कळतं मला.
मी बसवत नाही.
दोन्हीकडे रकान्याचं नाव एकच आहे, एवढंच म्हणते.

चौथ्यात "रॉट" लिहिलं. खोटं लिहायची सोय नाही.
पण शेवटी शेऱ्याचा रकाना असतो,
बोटभर रुंद, वर्षानुवर्षं कोरा.
त्यात लिहिलं: साखळी दोन हात. ताट पायानं.
मोठ्या साहेबांनी लाल पेनानं गोल केला,
बाजूला प्रश्नचिन्ह.

सातव्या दिवशी मारोती आला.
अठ्ठाविसाव्या दिवशी आला नाही. फोन बंद.
मेजरचं काय झालं, विचारू कुणाला?

आता कालचंही सांगते,
नाहीतर तुम्ही मला शहाणी समजाल.
ड्यूटी संपवून गुंजन चौकाकडे चालले होते.
समोरून एक मुलगी, हातात पट्टा,
पट्ट्याला तसलाच, काळा, तपकिरी भुवयांचा,
उन्हानं दमलेला, जीभ बाहेर,
कुणाकडेच न बघणारा.
मी पर्स काखेत घट्ट दाबली
आणि रस्ता ओलांडला.

पर्स.
त्याला काय करायची होती माझी पर्स?